मॉनिटरचा उजेड दोन सेकंदांत विझतो: ‘पॅनेल गेलं’ म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉनिटर चालू केला की चित्र व्यवस्थित येतं, एक-दोन सेकंदांत पडदा काळा होतो, पण खालचा छोटा दिवा चालूच राहतो. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की परत तेवढाच वेळ उजेड. मॉनिटर जुना आहे, आत ट्यूब आहेत की एलईडी हे तुम्हाला माहीत नाही. ज्यांना दाखवला त्यांनी ‘पॅनेल गेलं, नवीन घ्या’ असं सांगितलं. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग दोन्ही तुम्हाला जमतं, तेव्हा घरी काही करता येईल का?

येईल. आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून चित्र तयार करणारी काच शाबूत आहे, हे मॉनिटर न पाहताही म्हणता येतं. त्या दोन सेकंदांत चित्र स्वच्छ दिसतं, म्हणजे काच, काचेच्या कडेच्या, चित्र चालवणाऱ्या चिपा, संगणकाचा सिग्नल घेणारा मेन बोर्ड आणि मधली केबल हे सगळं काम करतंय. बंद पडतो आहे तो फक्त मागचा उजेड. दुरुस्तीच्या धंद्यात ‘पॅनेल’ म्हणजे काच आणि तिच्या मागचे दिवे असा अख्खा डबा, म्हणून दिव्याचा दोषही पॅनेलच्या नावावर जातो. पण दिवा बदलता येतो, आणि बऱ्याचदा दिव्यापर्यंत जावंही लागत नाही.

तरी एकदा खात्री करून घ्या. पडद्यावर पांढऱ्या पानावर मोठी काळी अक्षरं असलेली खिडकी उघडून ठेवा, खोलीत अंधार करा आणि पडदा काळा झाल्यावर टॉर्च अगदी जवळ, तिरका धरा. अक्षरं पुसट दिसली, माउस हलवल्यावर बाण हलताना दिसला, की बॅकलाइटच, म्हणजे मागचा दिवाच, गेला हे पक्कं. लिक्विड क्रिस्टल स्वतः प्रकाश देत नाही. खिडकीच्या झडपेसारखं ते मागून येणारा प्रकाश अडवतं किंवा सोडतं, आणि पूर्ण उघडं असतानाही मागच्या प्रकाशाचा दहावा हिस्सासुद्धा मुश्किलीने बाहेर येतो. म्हणून मागचा दिवा विझला की चित्र असूनही पडदा काळाच दिसतो. ही परीक्षा संगणक जोडलेला असतानाच करा. सिग्नल नसेल तर मॉनिटर झोपेत जातो आणि बॅकलाइट स्वतःहून बंद करतो. त्या अवस्थेत बोर्डवर मापं घेतली तर चांगला बोर्डही मेलेला वाटतो.

आता स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक गोष्ट नीट बघा: उजेड किती वेळ टिकतो आणि कसा जातो. माझ्या मते बॅकलाइटच्या दुरुस्तीत याहून मोलाची माहिती कुठलंच मीटर देत नाही. उजेड मुळीच येत नसेल, एक क्षणही नाही, तर दिव्याला वीज पोचत नाहीये: फ्यूज उडालाय, सप्लाय नाही, ‘चालू हो’ हा आदेश येत नाही, किंवा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारं आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट, मेला आहे. उजेड एक-दोन सेकंद येऊन झटक्यात जात असेल, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर जिवंत आहे आणि त्याने काहीतरी चुकीचं पाहून जाणूनबुजून वीज तोडली आहे. सुरुवातीला फडफड, चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर स्थिर, आणि थंडीत त्रास जास्त, असं असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर. दहा-वीस मिनिटांनी जात असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर तापल्यावर सुटणारा जोड: ट्रान्सफॉर्मरच्या पायाचं सोल्डर, ट्यूबच्या टोकाची वायर, किंवा एखाद्या एलईडीच्या आतली बारीक तार. ब्राइटनेस कमी ठेवला की चालतो आणि वाढवला की जातो, हेही असतं. तिथे एकतर सप्लायला भार सोसत नाही किंवा एखादी माळ (ओळीने जोडलेले एलईडी) टोकाला आली आहे.

तुमचं प्रकरण यातल्या दुसऱ्या, एक-दोन सेकंदांत झटक्यात जाणाऱ्या जातीचं. दोन सेकंदच का, हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. दिवा पेटतो त्या क्षणी प्रवाह आणि व्होल्टेज दोन्ही अस्थिर असतात, म्हणून ड्रायव्हर सुरुवातीचा थोडा वेळ दोषांकडे दुर्लक्ष करतो. तो वेळ संपला की प्रत्येक ट्यूबमधून किंवा प्रत्येक माळेतून ठरलेला प्रवाह जातोय का हे बघतो. एकीचाही हिशोब जुळला नाही, की तो सगळ्यांचीच वीज तोडतो आणि आदेश जाऊन पुन्हा येईपर्यंत तसाच अडून राहतो. म्हणून बटण दाबलं की परत दोन सेकंद मिळतात. त्यामुळे उजेड बंद करणाऱ्या ड्रायव्हरलाच आजारी ठरवू नका. इन्व्हर्टर बोर्ड (ट्यूबचा ड्रायव्हर) बदलूनही तेच दोन सेकंद मिळाले अशी तक्रार मी पुष्कळ वेळा ऐकली आहे. तिचं कारण हेच. नवा बोर्डही तोच दोष पाहतो आणि तसाच बंद होतो.

उघडण्याआधी सुरक्षेबद्दल. हे वाचून सोडून देऊ नका. पॉवर सप्लायच्या बोर्डवर एक जाडजूड कपॅसिटर असतो, साधारण १०० ते १५० मायक्रोफॅरड, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. प्लग काढा, काही मिनिटं थांबा, मग त्याच्या दोन्ही पायांवर मीटर लावून बघा. व्होल्टेज उरलेलं असेल तर १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी दहा-पंधरा सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नका, त्याने बोर्डही जातो आणि डोळ्यांत उडतं. चालू बोर्डवर मापं घेताना बोर्डवर छापलेली जाड रेघ शोधा. तिच्या एका बाजूला मेनची, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज असते, दुसऱ्या बाजूला कमी व्होल्टेजचं. मापं या दुसऱ्या बाजूलाच घ्यायची, काळी प्रोब धातूच्या चौकटीला चिमट्याने लावायची, आणि दुसरा हात बोर्डपासून लांब.

मॉनिटर मऊ कापडावर पालथा घाला, स्टँड काढा. पुढची चौकट सहसा खटक्यांवर बसलेली असते. जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने सोडवत जा, लोखंडी पट्टीने नको. मागचा पत्रा उघडला की दिव्याची जात लगेच कळते. सिलिकॉनच्या आवरणाच्या जाड वायरी, दोन-दोन वायरींचे गुलाबी किंवा पांढरे प्लग, आणि बोर्डवर ओळीने किंवा जोडीने ट्रान्सफॉर्मर दिसले तर आत सीसीएफएल, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब आहेत. त्याऐवजी पॅनेलकडे जाणारा चार-सहा बारीक वायरींचा एकच प्लग आणि बोर्डवर एखादी मोठी कॉइल असेल, तर एलईडी.

जात कुठलीही असो, पहिली तीन मापं तीच. बॅकलाइटचा सप्लाय किती आहे, ‘चालू हो’ आदेश येतोय का, आणि ब्राइटनेसची पिन काय म्हणते. पॉवर बोर्डवरून मेन बोर्डकडे जाणाऱ्या प्लगच्या बाजूला पिनांची नावं बहुधा छापलेली असतात. बीएल-ऑन, ईएनए किंवा ऑन-ऑफ म्हणजे आदेशाची पिन. डिम, एडीजे किंवा पीडब्ल्यूएम म्हणजे ब्राइटनेसची. मेन बोर्डचा सप्लाय सहसा ५ व्होल्ट, आणि बॅकलाइटचा १२ ते २० व्होल्टच्या दरम्यान. आदेशाच्या पिनवर चालू असताना ३ ते ५ व्होल्ट मिळायला हवेत. तुमच्या बाबतीत उजेड विझल्यानंतरही तिथे व्होल्टेज टिकून असेल, तर मेन बोर्ड निर्दोष. उजेडाबरोबर आदेशही जात असेल, तर मात्र दोष मेन बोर्डकडे किंवा त्याच्या ५ व्होल्टकडे आहे. शंका राहिली तर आदेशाची वायर प्लगमधून सोडवा आणि बोर्डच्या बाजूच्या पिनला ५ व्होल्टवरून १ ते ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून वीज द्या. बॅकलाइट कायम पेटला, तर ड्रायव्हर आणि दिवे दोन्ही निर्दोष.

बॅकलाइटचा सप्लाय मात्र उजेड असतानाच मोजा. दिवा पेटायच्या आधी १६ व्होल्ट आणि पेटल्यावर ११, असं झालं तर दिव्यापर्यंत जायची गरज नाही. सप्लायला भार पेलत नाहीये, आणि अशा वेळी पहिला संशय इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर.

कपॅसिटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या मॉनिटरमध्ये सर्वाधिक दुरुस्त्या इथेच संपतात. २००० च्या आसपासची काही वर्षं तर निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) कपॅसिटर जगभरच्या संगणकांत आणि मॉनिटरांत भरले गेले होते. पण चांगला कपॅसिटरही उष्णतेने सुकतो. त्याच्यावर छापलेलं आयुष्य, उदाहरणार्थ १०५ अंश सेल्सिअसला २००० तास, हे त्या तापमानाचं असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ हिशोब. आता मॉनिटरमध्ये हे कपॅसिटर कुठे बसवतात बघा: डायोडच्या तापणाऱ्या हीटसिंकला अगदी चिकटून. माथा फुगलेला किंवा तळाशी तपकिरी डाग असेल तर प्रश्नच नाही. पण माथा सपाट असूनही कपॅसिटर मेलेला असू शकतो. तिथे साध्या मीटरवरचं मायक्रोफॅरडचं माप फसवतं, कारण क्षमता टिकून राहते आणि आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढलेला असतो. ईएसआर मीटर असेल तर तो वापरा. नसेल तर कमी व्होल्टेजच्या बाजूचे सगळे मोठे कपॅसिटर एकदम बदला. सहसा ते ४७० ते १००० मायक्रोफॅरडचे, १६ किंवा २५ व्होल्टचे, चार-सहाच असतात.

नवे घेताना १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचेच घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट तेवढेच किंवा वरचे. १६ व्होल्टच्या जागी २५ चालतो, उलटं नाही. उंचीही मोजून घ्या, बऱ्याच मॉनिटरमध्ये पत्रा डोक्यावरच असतो. काढण्याआधी फोटो काढा आणि ऋण बाजूची पट्टी कुठे होती ते बोर्डवर पेनने लिहा. मेनच्या बाजूला, सप्लाय चालवणाऱ्या आयसीजवळ (चिपजवळ) २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो, तोही त्याच बैठकीत बदला. हा सुकला की सप्लाय सुरूच होत नाही किंवा टिकटिक करत राहतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सप्लाय भाराखाली ठाम असेल, आदेशही टिकून असेल, तर आता दिवे आणि ड्रायव्हर.

आधी ट्यूबचं. सीसीएफएल पेटायला हजार व्होल्टच्या वर लागतात, पेटल्यावर साधारण ५०० ते ८०० व्होल्टवर ती चालते, प्रवाह फक्त काही मिलिअँपिअर, आणि हे सगळं ४०-६० किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणून इन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकाला मल्टिमीटर लावू नका. मीटर जातो, माप तर मिळतच नाही. कोणती ट्यूब रुसली आहे हे कळायला एक बिनखर्ची युक्ती आहे. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र ठेवा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ते दोन सेकंद टिपा. २२ इंचांच्या मॉनिटरमध्ये सहसा चार ट्यूब असतात, दोन वर आणि दोन खाली. चित्रफीत सावकाश पाहिली की एखादी कड उशिरा उजळते, लालसर राहते किंवा थरथरते हे स्पष्ट दिसतं. डोळ्याला तेवढा वेळच मिळत नाही.

संशयित बाजू कळली की प्लग काढून ट्यूबची अदलाबदल करा, वायर पुरत असेल तर. दोष ट्यूबबरोबर हलला तर ट्यूब गेली. दोष बोर्डवर त्याच जागी राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या आसपासचं काही. ट्रान्सफॉर्मर तपासायला वीज पूर्ण बंद करून प्रत्येकाच्या जास्त रोधाच्या गुंडाळीचं माप घ्या. शेकडो ओहमपासून हजार-दीड हजारपर्यंत काहीही असू शकतं, त्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. एकाच बोर्डवरचे सारखे ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी जुळायला हवेत. तिघे ९०० च्या आसपास आणि चौथा ६५० दाखवत असेल, तर त्याचे काही वेढे आतून शॉर्ट आहेत. मीटरने ‘उघडा’, म्हणजे विजेची वाटच तुटलेली, असा दाखवला तर तार तुटली. ट्रान्सफॉर्मरच्या पायांचं सोल्डरही भिंगातून बघा. पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली तर तो जोड सुटलेला आहे. जुनं सोल्डर शोषून काढून नवं भरा.

ट्यूबऐवजी तात्पुरता भार म्हणून सुमारे १०० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावूनही बघता येतं. त्यावर इन्व्हर्टर टिकला तर बोर्ड चांगला, ट्यूब वाईट. रेझिस्टर तापतो आणि त्यावर शेकडो व्होल्ट असतात. बोर्ड चालू असताना हात अजिबात लावू नका, आणि परीक्षा अर्ध्या मिनिटात आटोपा.

इंटरनेटवर एक सल्ला फिरतो: संरक्षणाची पिन जमिनीला (बोर्डच्या ग्राउंडला) जोडा किंवा तिथला डायोड काढून टाका, बॅकलाइट विझणार नाही. हे कधीही करू नका. उघड्या ट्यूबच्या टोकाशी जे व्होल्टेज साचतं ते कुठेतरी ठिणगी मारतंच. मी अशा बोर्डांवर कोळसा झालेले ट्रान्सफॉर्मर आणि वितळलेले प्लग पाहिले आहेत. तो मॉनिटर घरात रात्रभर चालू राहिला तर आगीचं निमित्त होतो.

एलईडी असेल तर आकडे वेगळे, तर्क तोच. बोर्डवरचा बूस्ट कन्व्हर्टर १२-२० व्होल्टचे साधारण ३० ते ५० व्होल्ट करतो, कारण एकेका माळेत दहा-बारा किंवा त्याहून जास्त एलईडी ओळीने जोडलेले असतात आणि प्रत्येकाला तीन व्होल्टच्या थोडं वर लागतं. अशा दोन, चार किंवा सहा माळांचं धन टोक एकच असतं आणि ऋण टोकं वेगवेगळी ड्रायव्हरच्या आयसीकडे परत येतात. धन टोकावर मीटर लावा, मीटरमध्ये कमाल माप धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, आणि चालू करा. शून्य आलं तर वाटेतला छोटा फ्यूज किंवा कॉइल उघडी. सप्लायइतकंच व्होल्टेज आलं, म्हणजे १६ चे १६, तर कन्व्हर्टर सुरूच झालेला नाही: आदेश नाही, आयसी मेली, किंवा मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) उघडा. व्होल्टेज वर चढून थांबलं आणि मग कोसळलं, तर एखादी माळ उघडी आहे आणि आयसीने जास्तीचं व्होल्टेज पाहून हात आखडता घेतला. तुमच्या लक्षणांना हे शेवटचं सगळ्यात जुळतं.

फ्यूज उडालेला आढळला तर नुसता फ्यूज बदलून मोकळे होऊ नका. त्याच्यापुढचा मॉसफेट, शॉटकी डायोड आणि बाहेरचा कपॅसिटर यांपैकी काहीतरी बहुधा शॉर्ट असतं, आधी ते शोधा.

माळ तपासायला पॅनेलचा प्लग बोर्डवरून काढा. एलईडी तपासायचं तयार यंत्र मिळतं, पण प्रवाह मर्यादित करता येणारा बेंच सप्लायही पुरतो. प्रवाहाची मर्यादा १० ते २० मिलिअँपिअरवर ठेवा, धन टोक पक्कं जोडा, एकेक ऋण टोक लावत व्होल्टेज २० पासून हळूहळू चढवा. चांगल्या माळा जवळजवळ सारख्याच व्होल्टेजला उजळतात. एखादी तीन व्होल्ट आधीच उजळली तर तिच्यातला एक एलईडी शॉर्ट आहे. एखादी कितीही चढवलं तरी अंधारातच, तर ती उघडी. पण पॅनेल फोडण्याआधी प्लगच्या आणि पॅनेलच्या कडेला असलेल्या लवचिक पट्टीच्या जोडावर शंका घ्या. पट्टी काढून, संपर्क स्वच्छ करून, सरळ बसवल्यावर काम झालं असं पुष्कळदा होतं. एलईडीचा रंग निळसर-जांभळा झाला असेल, तर त्यावरचा, प्रकाश पांढरा करणारा फॉस्फरचा थर उष्णतेने खराब झाला आहे. ती माळ पेटत असली तरी बदलायचीच.

आता पॅनेल उघडणं. दुरुस्तीतला हाच एक भाग असा आहे जिथे चूक परत फिरवता येत नाही. काचेच्या एका किंवा दोन कडांवर बारीक लवचिक पट्ट्यांनी जोडलेला एक लांबट बोर्ड असतो. या पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात, सोल्डर केलेल्या नाहीत. एकीला जरा ओढ बसली की पडद्यावर उभी रेघ कायमची येते, आणि घरी त्यावर इलाज नाही. म्हणून धातूची चौकट सोडवताना आधी तो बोर्ड मोकळा करा, आणि काच व बोर्ड दोन हातांनी एकाच वेळी, एकाच पातळीत उचला. मोठ्या मॉनिटरला दुसरा माणूस घ्या.

काचेखाली प्रकाश पसरवणारे पातळ पडदे असतात, त्यांच्याखाली जाड पारदर्शक पाटी, आणि तळाला पांढरा परावर्तक. पडद्यांचा क्रम आणि बाजू बदलली तर प्रकाश डागाळतो. प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढा. कोपऱ्यातल्या कानांवरून बाजू कळते, तरी स्मरणशक्तीवर विसंबू नका. शक्यतो सगळे पडदे एकत्र, गठ्ठ्यानेच बाजूला ठेवा. हातमोजे घाला, पंखा बंद करा. थरांमध्ये अडकलेला धुळीचा एक कण पांढऱ्या पडद्यावर रोज दिसत राहतो. धूळ रबरी फुग्याने उडवा. कापडाने पुसलंत तर ओरखडे उठतात.

ट्यूब बदलायची तर लांबी मिलिमीटरपर्यंत आणि जाडी नीट जुळली पाहिजे. टोकाची तार काचेजवळ वाकवू नका, तिथेच काच तडकते. सोल्डरचा जोड गुळगुळीत गोल करा आणि सिलिकॉनची टोपी पूर्ण ओढून घ्या, टोक उघडं राहिलं तर तिथून ठिणगी मारते. या ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक चूर चिकटपट्टीने टिपा आणि सगळं बंद पिशवीत घालून ई-कचऱ्यात द्या. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तो पाऱ्याची वाफ खोलीभर पसरवतो.

जुन्या ट्यूब आता सहज मिळत नाहीत, म्हणून ट्यूबच्या जागी एलईडी पट्टी आणि तिचा छोटा ड्रायव्हर असा संच बसवणं हा मला सध्या सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. त्याला चार वायरी असतात: सप्लाय, जमीन, आदेश आणि ब्राइटनेस. सप्लाय जुन्या इन्व्हर्टरच्या फ्यूजनंतरच्या टोकावरून घ्या, आदेश आणि ब्राइटनेस मूळ पिनांवरून, आणि जुन्या इन्व्हर्टरची वीज तोडा. संचाला किती व्होल्ट चालतात ते आधी वाचा. पट्टी ठरावीक खुणेवरच कापायची, बहुधा तीन-तीन एलईडींच्या गटाने. तिची रुंदी पाटीच्या कडेच्या जाडीहून जास्त नको. ती वाकडी चिकटली तर पडद्याच्या कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. काही मॉनिटरमध्ये ब्राइटनेसची पिन उलटी चालते, वाढवला की कमी होतो. असं झालं तर संचाची ब्राइटनेसची वायर मूळ पिनला जोडू नका, संचाच्या सूचनेप्रमाणे ती ठरावीक व्होल्टेजला बांधा. ब्राइटनेस मग एकाच पातळीवर राहतो, पण डोळ्यांना सुसह्य अशी पातळी निवडता येते.

मूळ एलईडी पट्टीतला एकच एलईडी गेला असेल तर तसाच एलईडी मिळवून झाळता येतो, पण एक गेला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आणि त्याच उष्णतेत भाजलेले. मी अशा वेळी पूर्ण पट्टी बदलतो. मेलेल्या एलईडीच्या दोन टोकांना तार जोडून माळ चालू करणं तात्पुरतं जमतं, तिथे काळा ठिपका राहतो आणि काही आयसी तीन व्होल्टचा फरकही दोष समजून बंद होतात. पट्टी बदला किंवा दुरुस्त करा, माळेचा प्रवाह मात्र थोडा उतरवा. बहुतेक ड्रायव्हर आयसींच्या बाजूला प्रवाह ठरवणारा एक रेझिस्टर असतो, आणि त्याची किंमत वाढवली की प्रवाह घटतो. आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) पिनचं नाव आणि सूत्र दोन्ही असतं. पाचव्या हिश्शाने प्रवाह घटवला तर डोळ्याला फारसा फरक कळत नाही, पण पट्टीचं तापणं स्पष्टपणे कमी होतं. ते करायचं नसेल तर निदान ब्राइटनेस १०० वरून ६०-७० वर आणा.

तुमच्या मॉनिटरवर हा क्रम धरा: आधी टॉर्च, मग स्लो मोशन चित्रफीत, मग भाराखाली सप्लाय आणि आदेश, मग कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. काच तडकलेली असेल, आधीच उभ्या रेघा असतील, किंवा आत शेकडो झोनांचा (स्वतंत्रपणे उजळणाऱ्या भागांचा) मिनी-एलईडी असेल, तर वेळ घालवू नका. बाकी ठिकाणी प्रयत्न करण्यासारखा आहे. दुरुस्तीनंतर मागचा पत्रा लावण्याआधी मॉनिटर उभा करून, पूर्ण पांढऱ्या चित्रावर आणि पूर्ण ब्राइटनेसवर तीन-चार तास चालवा. त्या वेळेत दर अर्ध्या तासाने बॅकलाइटचा सप्लाय मोजत राहा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खाली सरकला नाही आणि कडेला कुठे लालसर किंवा निळसर छटा आली नाही, तर पत्रा लावा.